भंडारदऱ्याचा कांठ व मुलांच्या शपथा

अलीकडे आमच्या शाळा-महाविद्यालयांत एक नवा संस्कार रूढ झाला आहे. पूर्वीं मुंजींत बटूकडून व्रताचीं वचनें घेत. आतां पर्यावरणाचा एखादा दिवस किंवा स्वच्छतेचा पंधरवडा उजाडला कीं, मुलांना पटांगणांत ओळीनें उभें करून, उजवा हात पुढें धरावयास लावून, ‘एकदां वापरून फेकण्याचें प्लॅस्टिक आम्ही वापरणार नाहीं’ अशी शपथ त्यांजकडून वदवून घेतात. शपथ संपली कीं छायाचित्र निघतें, मग पाहुण्यांचें भाषण होतें, आणि भाषण चालूं असतां पाहुण्यांपुढें पाण्याची जी बाटली ठेवलेली असते ती प्लॅस्टिकचीच असते. हा देखावा पाहून कोणास हसूं येईल, कोणास राग येईल. परंतु पहिल्या ओळींत उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास त्यांतून जें शिक्षण मिळतें तें हसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. शपथ ही घेण्याची वस्तु असून पाळण्याची नव्हे, हें तो त्या दिवशीं शिकतो. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, मुलांनीं प्लॅस्टिकचा वापर कमी करावा असें ज्यांना मनापासून वाटतें त्यांनीं मुलांकडून शपथा घेणें आधीं बंद करावें, आणि शपथेऐवजीं कांहीं खरा अधिकार त्यांच्या हातीं द्यावा.

या प्रश्नाचा विचार सभागृहांत बसून करण्यापेक्षां भंडारदऱ्याच्या कांठीं जाऊन करणें अधिक उपयोगाचें आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोलें तालुक्यांत प्रवरेवर बांधलेलें हें धरण १९२६ सालीं पुरें झालें, व तेव्हांचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. एकीकडे १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, दुसरीकडे रतनगड व त्याच्या पायथ्याचें अमृतेश्वराचें देऊळ, पलीकडे साम्रदची सांदण दरी, खालीं रंधा धबधबा. आणि भोंवतालचा बराच मुलूख १९८६ सालीं घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडणारा. मे महिन्याच्या अखेरीस येथील झाडेंच्या झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागतात. तेव्हांपासून पुणें, नाशिक, मुंबई या शहरांतील तरुणांचे लोंढे इकडे सुरू होतात. पावसाळ्यांत ते धबधब्यांसाठीं येतात, थंडींत तलावाच्या कांठीं तंबू ठोकून राहावयास येतात. शाळा-महाविद्यालयांच्या सहलीहि त्यांत असतातच. तंबू उठल्यावर मागें काय राहतें हें कोणासहि पाहतां येतें: पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या, वेफर्सचीं रिकामीं पाकिटें, बिस्किटांचीं वेष्टनें, चहाचे पेले. ज्यांच्या हातून हें पडलें तीं मुलें कांहीं दुष्ट नव्हेत. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं वर सांगितलेली शपथ घेतलेली असते, आणि प्लॅस्टिकच्या दुष्परिणामांवरील प्रश्नास चांगले गुणहि मिळविलेले असतात.

‘पण कायदा आहे ना!’ असें येथें कोणी म्हणेल. कायदा आहे. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं अधिसूचना काढून पिशव्या, ताटल्या, पेले, चमचे आणि थर्माकोलच्या वस्तु यांवर बंदी घातली; पहिल्या अपराधास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, व तिसऱ्यास २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांची कैद अशी शिक्षाहि ठरविली. पुढें केंद्र सरकारनें १ जुलै २०२२ पासून ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, फुग्यांच्या काड्या वगैरे वस्तु देशभर निषिद्ध केल्या; आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून १२० मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें आठव्या हिश्शाहून, पातळ पिशवीसहि बंदी झाली. हे नियम चांगले आहेत. परंतु केंद्राच्या त्या यादींत पाण्याची बाटली नाहीं, आणि वेफर्सचें पाकीटहि नाहीं. तेव्हां भंडारदऱ्याच्या कांठीं जें पसरलेलें दिसतें त्यांतील मोठा भाग कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष आहे! त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी नियमानें उत्पादकांवर टाकली आहे खरी, पण उत्पादकाचा हात सांदण दरीच्या तळापर्यंत पोंचत नाहीं. बाटलीला भंगारांत कांहीं भाव येतो, म्हणून ती कोणी उचलतो तरी. पाकिटांत प्लॅस्टिकचे व धातूचे थर असे घट्ट चिकटविलेले असतात कीं, ते वेगळे करणें परवडत नाहीं, आणि त्यामुळें कचरा वेंचणाऱ्यासहि तें नकोसें होतें. तें वाऱ्यानें उडून ओढ्यांत उतरतें, नाहीं तर उकिरड्यावर जळून त्याचा विषारी धूर होतो. सारांश, जेथें कायदा संपतो तेथें संवयीचें राज्य सुरू होतें. आणि संवय हा शिक्षणाचा विषय आहे, पोलिसांचा नव्हे.

हा कचरा कोठें जातो? पाणी जाईल तिकडे. भंडारदऱ्याचें पाणी निळवंडें धरणांत येतें, तेथून अकोलें, संगमनेर या गांवांवरून जाऊन अखेर नेवासें तालुक्यांत प्रवरासंगमास गोदावरीला मिळतें. ज्या नदीच्या कांठीं नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या उगमापाशीं आमचीं सुशिक्षित मुलें रिकाम्या बाटल्या ठेवून येतात. धर्मभावना बाजूस ठेवली तरी साधी लाज म्हणून ही गोष्ट ध्यानांत धरावी. पाण्यांत पडलेलें प्लॅस्टिक कुजत नाहीं. उन्हानें त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि ते कण माशांच्या पोटांत व शेताच्या मातींत जाऊन बसतात. शहरांतील वाचकांना हें दूरचें वाटत असेल, तर त्यांनीं २६ जुलै २००५ हा दिवस आठवावा. सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हां मुंबई बुडाली. आणि पिशव्यांनीं तुंबलेलीं गटारें हें त्या पुराचें एक कारण म्हणून पुढें आल्यावरच राज्यानें पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले.

परंतु भंडारदऱ्याच्या कांठीं याहूनहि विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे, व तिच्याकडे शपथा देणाऱ्यांचें लक्ष गेलेलें नाहीं. त्या कांठीं दोन प्रकारचीं मुलें समोरासमोर येतात. एक, शहरांतून सहलीस आलेलीं. दुसरीं, तेथल्याच महादेव कोळी व ठाकर कुटुंबांतील, ज्यांच्या घरीं या पाहुण्यांसाठीं भाकरी भाजल्या जातात, ज्यांचे वडील वाट दाखवितात, ज्यांची आई टपरीवर चहा उकळते. दोघांचें वय एक, दोघांचीं पाठ्यपुस्तकेंहि बहुधा एकच. या डोंगरांत पानांची पत्रावळ कोणासहि नवी नाहीं, आणि धुतलेल्या पेल्यांत चहा देणें ही तर सर्व महाराष्ट्राची रीत. मग टपरीवर ते टाकाऊ पेले कोणीं आणले? धुतलेल्या पेल्याकडे नाक मुरडून ‘यूज अँड थ्रो नाहीं का?’ असें विचारणाऱ्या पाहुण्यानें आणले. घरांत झऱ्याचें किंवा विहिरीचें पाणी असतां बंद बाटल्यांचीं खोकीं टपरींत रचून ठेवण्याची पाळी कोणीं आणली? त्याच पाहुण्यानें. दुकानदार मागणीच्या मागून जातो. आणि दुकानदाराची मुलगी त्या मागणीवरून एक सिद्धान्त शिकते कीं, जें एकदां वापरून फेकतां येतें तें सभ्य, व जें घासून पुन्हां वापरावें लागतें तें गांवंढळ. शहरी मुलांनीं टाकलेला कचरा एक वेळ झाडून गोळा करतां येईल. त्यांनीं पेरलेला हा सिद्धान्त कोणत्या झाडूनें झाडावयाचा?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें पाहूं. पहिला आक्षेप चतुर लोकांचा असतो. ते म्हणतात, प्लॅस्टिक करतात कारखानदार, नफा मिळवितात कारखानदार, आणि उपदेश मात्र बिचाऱ्या मुलांना. ही शुद्ध दिशाभूल आहे. या म्हणण्यांत तथ्य आहे. अमेरिकेंतील तीन शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं केलेल्या गणितानुसार २०१५ पर्यंत जगांत ८.३ अब्ज टन प्लॅस्टिक निर्माण झालें, आणि तोंवर झालेल्या त्याच्या कचऱ्यापैकीं अवघें ९ टक्के पुनर्वापराच्या प्रक्रियेंत गेलें. ७९ टक्के भूमींत पुरलें गेलें किंवा उघड्यावर पडलें. फेकून देण्याची ही वृत्ति मनुष्याच्या रक्तांत नव्हती. ती पद्धतशीर शिकविली गेली. १९५५ सालीं ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकानें, ताटल्या-पेले हवेंत उडवीत उभ्या असलेल्या एका आनंदी कुटुंबाचें चित्र छापून, टाकाऊ वस्तूंनीं गृहिणीचे कष्ट वांचणार म्हणून त्या जीवनाचा गौरव केला होता. तेव्हां कारखानदारांस धरा, अवश्य धरा. पण या सत्यावरून ‘म्हणून मुलांनीं कांहीं करूं नये’ असें अनुमान काढणें म्हणजे, दारूचा गुत्ता बंद होईपर्यंत पीत राहावें असें सांगणें होय. शिवाय जें शिकविलें गेलें तें विसरवितांहि येतें. आणि तें ज्या वयांत संवयी घडतात त्या वयांत येतें, आमच्या वयांत नव्हे.

दुसरा आक्षेप निराश लोकांचा: ‘एकट्यानें काय होणार?’ याचें उत्तर याच प्रवरेच्या पाण्यावर एकदां दिलें गेलें आहे. प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस पिकविणारा लहान शेतकरी एकटा काय करूं शकत होता? गूळ करावा आणि व्यापारी देईल तो भाव पदरांत घ्यावा. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें, अशा शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि १९५० च्या सुमारास तो चालूं झाला. त्या शेतकऱ्यांना कोणीं शपथ दिली नव्हती. भाग दिला होता, आणि भागाबरोबर मत दिलें होतें. आमच्या मुलांच्या बाबतींत नेमकें याच्या उलट चाललें आहे. त्यांच्याकडून वचन घेतात, पण निर्णयांत त्यांना भाग नाहीं व मतहि नाहीं. सहल कोठें जाणार, जेवण कोणाकडे, पाणी कोठलें, खर्च किती, हें सारें अध्यापक व प्रवासी कंपनी यांनीं ठरवावयाचें. आणि त्या व्यवस्थेंतून जो कचरा निघेल त्याचें पाप मात्र मुलाच्या शपथेवर!

जरा हिशेब करून पाहूं. एका महाविद्यालयाचे ऐंशीं विद्यार्थी दोन दिवस भंडारदऱ्यास गेले, प्रत्येकानें दररोज पाण्याच्या तीन बाटल्या घेतल्या, तर ४८० बाटल्या झाल्या. दिवसांतून दोनदां चहा धरला तर ३२० पेले. हे पेले कागदी म्हणून पवित्र समजण्याची चूक कोणी करूं नये; त्यांना आंतून प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, आणि खरगपूरच्या आय. आय. टी.तील संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें कीं, अशा पेल्यांत गरम पेय पंधरा मिनिटें ठेवलें तर दर १०० मिलिलिटरमागें सुमारें २५,००० सूक्ष्म कण त्यांत उतरतात. आतां या ऐंशीं जणांनीं एकेकट्यानें शपथ पाळावयाची म्हटलें, तर प्रत्येकाला प्रत्येक टपरीवर स्वतंत्र झगडा करावा लागेल, आणि सोळाव्या वर्षीं मित्रांच्या देखत विक्षिप्त ठरण्याचें धैर्य फारच थोड्यांत असतें. परंतु तेच ऐंशीं जण सहलीपूर्वीं एकत्र बसून ठरवितील कीं प्रत्येकानें आपली बाटली आणि पेला आणावा, पिण्याचें पाणी मोठ्या भांड्यांतून उकळून घ्यावें, व त्याची मजुरी यजमानास द्यावी, तर धैर्याचा प्रश्नच उरत नाहीं. एकानें नाकारलें तर तो हट्ट होतो, वर्गानें नाकारलें तर ती रीत होते. पाणी शुद्ध नसेल, मुलें आजारी पडतील, ही पालकांची भीति खरी आहे. परंतु तिचें औषध उकळलेलें पाणी हें आहे, चारशें ऐंशीं बाटल्या हें नव्हे. आणि ‘गरीब टपरीवाल्याचें काय?’ असा कळवळा ज्यांना येतो त्यांना आमचें सांगणें कीं, बाटलीच्या किमतींतील मोठा वांटा दूरच्या कारखान्याकडे जातो. उकळलेल्या पाण्याची व धुतलेल्या भांड्यांची मजुरी मात्र सबंध गांवांत राहते.

तिसरा आक्षेप विद्वानांचा, आणि तो आम्हांस प्रिय आहे, कारण तो ढोंगावर बरोबर घाव घालतो. ब्रिटनच्या पर्यावरण-संस्थेनें २०११ सालीं हिशेब करून सांगितलें कीं, तापमानवाढीच्या दृष्टीनें सुती पिशवी १३१ वेळां वापरावी तेव्हां ती एकदांच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. यावरून कांहीं लोक प्लॅस्टिकच बरें असा निष्कर्ष काढतात. आमचा निष्कर्ष निराळा आहे. दोष वस्तूच्या द्रव्यांत जितका आहे त्याहून अधिक ‘एकदां’ या शब्दांत आहे. प्रत्येक परिषदेंत, प्रत्येक संमेलनांत, ‘प्लॅस्टिक टाळा’ असें छापलेली नवी कोरी सुती पिशवी वाटणें हें त्याच रोगाचें सोवळें रूप होय. अकरावी-बारावीच्या मुलांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय सक्तीचा आहे. त्याच्या प्रकल्पाची वही जर चकचकीत प्लॅस्टिकच्या आवरणांत घालून सादर होत असेल, व सुबकपणाबद्दल तिला जास्त गुण पडत असतील, तर विषय कोणता शिकविला गेला हें सांगावयास नको. उलट, या डोंगरांतील शेतकरी पावसाळ्यांत घराच्या पडवीला प्लॅस्टिकचा जाड कागद बांधतो, व फाटेपर्यंत तोच वर्षानुवर्षें वापरतो. त्याला कोणी दोष देणार असेल तर त्यानें आधीं भंडारदऱ्याचा आषाढ त्या पडवींत काढून पाहावा. इस्पितळांतील सुईची नळी एकदां वापरून टाकावी लागते, ती टाकलीच पाहिजे. आमचें भांडण प्लॅस्टिक या पदार्थाशीं नाहीं. पंधरा मिनिटांच्या सोयीसाठीं शेंकडों वर्षें टिकणारी वस्तु वापरण्याच्या मूर्खपणाशीं आहे.

पूर्वींचें सारें चांगलें होतें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु कित्येक खेड्यांत गांवजेवणास जातांना प्रत्येकानें आपलें ताट-तांब्या बरोबर नेण्याची रीत होती, तींत दारिद्र्य नव्हतें, हिशेब होता. आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी १३१ वेळां नव्हे, हजार वेळां बाजारास जाऊन आली असेल. गाडगे महाराज, ज्यांचें निधन १९५६ सालीं झालें, कीर्तनास गांवांत आले कीं आधीं झाडू हातांत घेऊन गांव झाडीत आणि मग बोलावयास उभे राहत. या क्रमांतच त्यांच्या शब्दाचें सामर्थ्य होतें. आम्हां सुशिक्षितांत हा क्रम उलटला आहे. येथें बोलणारा एक, झाडणारा दुसरा, आणि शपथ घेणारा तिसराच.

मुलांच्या हातीं अधिकार दिला तर तीं पोरकटपणा करतील ही भीति वडीलधाऱ्यांस नेहमींच वाटते. इंडोनेशियांतील बाली बेटावर २०१३ सालीं मेलाती व इझाबेल वाइसेन या बहिणींनीं, एक बारा वर्षांची व दुसरी दहा वर्षांची असतां, प्लॅस्टिकच्या पिशव्यांविरुद्ध चळवळ आरंभिली. पुढें भारतांत आल्या असतां त्यांनीं गांधीजींचें एकेकाळचें निवासस्थान पाहिलें, उपोषणाचा मार्ग तेथें जाणून घेतला, आणि परत गेल्यावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्न वर्ज्य करून गव्हर्नरला भेट देण्यास भाग पाडलें. २०१९ सालीं बालींत पिशव्या, नळ्या व थर्माकोल यांवर बंदी आली. त्या मुलींना कोणी पटांगणांत उभें करून शपथ दिली नव्हती. त्यांनींच गव्हर्नरकडून वचन घेतलें. गांधींच्या देशांत मुलें वचन देतात, आणि बालींत मुलें वचन घेतात, हा फरक आम्हांस खुपला पाहिजे.

मोठ्यांनीं करावयाचें कामहि कांहीं कमी नाहीं. तामिळनाडूंतील निलगिरींत २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली परत केल्यावर ते परत देण्याची पद्धत न्यायालयाच्या सूचनेवरून सुरू झाली. फेकलेल्या बाटलीस किंमत आली कीं ती रानांत पडत नाहीं, हा त्यांतील साधा अर्थ. हीच पद्धत भंडारदऱ्याच्या वेशीवर पाण्याच्या बाटल्यांना व पाकिटांना कां लागूं होऊं नये? हा प्रश्न आम्ही विचारला तर तो एक लेख होतो. शहरांतील पन्नास महाविद्यालयांच्या मुलांनीं भंडारदरा, शेंडी, रतनवाडी, साम्रद येथील मुलांच्या खांद्याला खांदा लावून ग्रामपंचायतींपुढें व वनखात्यापुढें विचारला तर तो निर्णय होईल. पाहुण्यांचीं मुलें आणि यजमानांचीं मुलें एका अर्जावर सह्या करतील, तेव्हां धुतलेला पेला गांवंढळ हा सिद्धान्तहि आपोआप गळून पडेल.

सोळावें वर्ष लागलेल्या मुलाशीं मित्राप्रमाणें वागावें असें आपलीं जुनीं माणसें सांगत आलीं. मित्राकडून कोणी शपथ वदवून घेत नाहीं. मित्राशीं सल्लामसलत करतो आणि त्याचा शब्द मानतो. म्हणून प्राचार्यांस व अध्यापकबंधूंस आमची सूचना स्पष्ट आहे. येत्या सहलीचा बेत विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे सोंपवा. खर्चाचे पैसे त्यांच्या हातीं द्या. जी व्यवस्था कचरा करील ती नाकारण्याचा हक्क त्यांना द्या, आणि त्यांनीं ती नाकारली तर प्रवासी कंपनीची बाजू घेऊन त्यांना गप्प बसवूं नका. जातांना बरोबर काय नेलें आणि येतांना काय परत आणलें तें वजन करून सूचनाफलकावर लिहावयास सांगा. त्यांत अध्यापकांच्या सामानाचेंहि वजन असूं द्या. मुलें चुकतील, एखादे वेळीं पाणी कमी पडेल, एखादी पत्रावळ गळेल. तें चालेल. शपथ मोडली तर मुलगा निर्ढावतो. स्वतः ठरविलेला बेत फसला तर तो पुढच्या खेपेस बेत सुधारतो. शिक्षण म्हणून जें कांहीं आहे तें या दुसऱ्या गोष्टींत आहे, आणि तें देण्यासाठींच आम्हांस पगार मिळतो.